मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये घरातलं बोलणं गेलं, आता काय करू?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी घरून काम करते. आमच्या गटाची दर सोमवारची मीटिंग रेकॉर्ड होते. गेल्या वेळी मी आणि एक सहकारी पाच-सात मिनिटं आधीच आलो होतो. तिनं आईच्या तब्येतीची चौकशी केली आणि मी मोकळेपणानं सगळं सांगून बसले: आजार कुठला, औषधं कुठली, पैशांची ओढाताण कशी चालली आहे. रेकॉर्डिंग तेव्हाच सुरू झालं होतं, हे मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याची लिंक जवळपास साठ जणांना गेली, सोबत ट्रान्स्क्रिप्टही, म्हणजे सगळं बोलणं लेखी. माझ्या मागच्या भिंतीवर आईच्या औषधांचं वेळापत्रक लावलेलं असतं, तेही दिसत असेल अशी धास्ती वाटते. शिवाय हल्ली मीटिंगला टिपणं घेणारा एक बॉट येऊन बसतो, तो कोणाचा हेही धड माहीत नाही. रेकॉर्ड करू नका म्हटलं तर "लपवण्यासारखं काय आहे?" असं विचारतील. मी काय करू?

एक वाचक

उत्तर

आधी तातडीचं. ते रेकॉर्डिंग ज्याच्या खात्यावर आहे त्याला आजच निरोप पाठवा, आणि पहिली मागणी एवढीच ठेवा: लिंक बंद करा. कापणं, पुसणं, पुढच्या वेळचं काय ते ठरवणं, हे सगळं नंतर. लिंक उघडी आहे तोवर साठांपैकी कोणीही ती बघू शकतं, फाईल उतरवून घेऊ शकतं. ती बंद झाली की घाईचा भाग संपला.

खातं कोणाचं हे शोधणं अवघड नाही. झूमवर क्लाउड रेकॉर्डिंग असेल तर ते होस्टच्या, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याच्या, खात्यात पडतं. लोकल रेकॉर्डिंग असेल तर ज्यानं रेकॉर्डचं बटण दाबलं त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, बहुधा डॉक्युमेंट्समधल्या झूम नावाच्या फोल्डरमध्ये. गूगल मीटचं रेकॉर्डिंग मीटिंग बोलावणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातं आणि कॅलेंडरमधल्या त्या मीटिंगच्या नोंदीलाही जोडलं जातं. टीम्सचं वनड्राइव्हमधल्या रेकॉर्डिंग्ज फोल्डरमध्ये, आणि चॅनेलमधली मीटिंग असेल तर शेअरपॉइंटवर. लिंक ज्या मेलमधून किंवा चॅटमधून आली तिथून सुरुवात केलीत तर मालकापर्यंत दोन मिनिटांत पोचाल.

निरोप साधारण असा लिहा:

"सोमवारच्या मीटिंगच्या रेकॉर्डिंगमधली पहिली सात मिनिटं मीटिंग सुरू होण्याआधीची आहेत. त्यात माझ्या घरातल्या व्यक्तीच्या तब्येतीची खासगी माहिती आली आहे. कृपया लिंक लगेच बंद करावी. तो भाग व्हिडिओ, ऑडिओ, ट्रान्स्क्रिप्ट, सारांश आणि चॅट या सगळ्यांतून काढून मग नवी प्रत द्यावी. मूळ फाइली ट्रॅशमधूनही पुसल्या की मला कळवावं."

यात आजाराचं नाव नाही, औषधांची नावं नाहीत, माफी नाही. तुम्ही मागताय ते रास्त आहे. "त्रास देते आहे, पण" अशी सुरुवात करायची काही गरज नाही. मिनिटं मात्र नक्की लिहा, कुठून कुठपर्यंत ते, म्हणजे तो भाग शोधण्यासाठी समोरच्याला सगळं ऐकत बसावं लागणार नाही. आणि निरोप एकट्या त्या माणसाला पाठवा, गटावर नको. मीटिंगला हजर असलेली माणसं रेकॉर्डिंग सहसा पुन्हा उघडत नाहीत. गटावर लिहिलंत तर ज्यांनी ते पाहिलेलंही नाही, त्यांनाच नेमकी कुठली मिनिटं बघायची ते समजेल.

निरोपात पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत त्याला कारण आहे. एका मीटिंगचं रेकॉर्डिंग म्हणजे एक फाईल नव्हे. झूमच्या क्लाउडवर व्हिडिओची एमपी४ फाईल बनते, नुसत्या आवाजाची एम४ए वेगळी, ट्रान्स्क्रिप्टची वेगळी, सगळ्यांना पाठवलेल्या चॅटची वेगळी. होस्टनं तशी सेटिंग ठेवली असेल तर बोलणाऱ्याचा चेहरा आणि सगळ्यांच्या चौकटी असे दोन व्हिडिओही बनतात. त्यावर एआयनं केलेला सारांश, जो बहुधा आधीच मेलनं गेलेला असतो. होस्ट व्हिडिओची सुरुवात कापतो, "झालं काम" म्हणतो, आणि ट्रान्स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून तसंच्या तसं राहतं. घात खरा तिथेच होतो. तासाभराचा व्हिडिओ कोणी बघत नाही, पण ट्रान्स्क्रिप्टमध्ये एक शब्द टाकून शोधलं की तुमच्या आईचा आजार दोन सेकंदांत समोर येतो.

कापण्याचीही एक खोच आहे. काही ठिकाणी ट्रिम केलेला भाग फक्त बघणाऱ्यापासून लपतो. मूळ फाईल पूर्णच राहते आणि डाउनलोड करणाऱ्याला सगळी मिळते. म्हणून सरळ मार्ग हा: मूळ फाईल उतरवायची, कॉम्प्युटरवर सुरुवातीचा भाग कापायचा, कापलेली प्रत नवी फाईल म्हणून चढवायची, मूळ पुसायची. कापताना पुन्हा एन्कोड न करणारं झटपट साधन वापरलं तर काप की-फ्रेमवर (व्हिडिओत थोड्या थोड्या अंतरानं साठवलेल्या पूर्ण चित्रावर) पडतो, म्हणजे सांगितलेल्या क्षणाच्या काही सेकंद आधी, आणि नेमकं शेवटचं वाक्य मागे उरतं. त्यामुळे दहा सेकंद पुढून कापायला सांगा आणि नव्या प्रतीची सुरुवात हेडफोन लावून स्वतः ऐका. ड्राइव्हवर जुन्या फाईलच्या जागी नवी आवृत्ती चढवली तर जुनी आवृत्ती मागे ३० दिवस सांभाळलेली असते, एडिटचा हक्क असलेल्याला ती उतरवता येते. म्हणून नवी आवृत्ती नको, नवी फाईलच हवी.

पुसण्याचंही तेच. झूमच्या क्लाउडवर पुसलेलं रेकॉर्डिंग ३० दिवस ट्रॅशमध्ये असतं, गूगल ड्राइव्हवरही ३० दिवस, आणि कामाच्या वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर थेट ९३ दिवस. ट्रॅश रिकामा केला की मालकापुरतं ते गेलं. कंपनीच्या अ‍ॅडमिनकडे त्यापुढेही काही काळ परत आणण्याची सोय असू शकते, आणि कंपनीचं ठरवून जपण्याचं धोरण असेल तर तिथली प्रत मुदत संपेपर्यंत हलत नाही. ज्यांनी आधीच डाउनलोड केलं असेल त्यांच्याकडची प्रत कुठल्याही बटणानं परत येणार नाही. तिथे मालकाला विचारायचा प्रश्न एवढाच, की किती जणांनी उघडलं आणि डाउनलोडची मुभा होती का. मुभा नसेल तर निम्मी काळजी मिटते.

आता हे घडलं कसं ते सांगतो, कारण पुढच्या सोमवारी पुन्हा तेच घडू शकतं. तिन्ही सेवांवर मीटिंग आपोआप रेकॉर्ड करण्याची सेटिंग आहे. ती चालू असली की कोणी बटण दाबायची वाट बघितली जात नाही. मीटिंग उघडली, हक्क असलेलं कोणी आत आलं, की रेकॉर्डिंग सुरू. अजेंड्यात मीटिंग अकराची असेल, पण फाईलच्या दृष्टीनं ती दहा त्रेपन्नला सुरू झालेली असते. सूचना येते, नाही असं नाही. झूमवर "ही मीटिंग रेकॉर्ड होत आहे" अशी चौकट येते, मीटमध्ये वरच्या कोपऱ्यात खूण दिसते, टीम्समध्ये वर पट्टी येते. पण माणूस त्या वेळी इअरफोन जोडत असतो, चहाचा कप सरकवत असतो, आणि चौकट दिसली की सवयीनं बोट "ठीक आहे"वर जातं. त्याच चौकटीत झूम "मीटिंग सोडा" हा पर्यायही देतं, तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

होस्टला सांगा की आपोआप रेकॉर्डिंगची सेटिंग बंद करून हातानं बटण दाबावं, आणि दाबताना तोंडानं म्हणावं: "आता रेकॉर्डिंग सुरू करतो." शेवटीही तसंच, बंद करून मग निरोप घ्यायचा. रेकॉर्डिंगमध्ये नको ते सापडतं ते बहुतेकदा या दोन टोकांना, सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या गप्पांत. ही साधी शिस्त पाळली तर निम्मे प्रसंग येणारच नाहीत. तोवर तुमच्याकडून एक करा. आधी पोचलात तर आईबद्दल बोलायला मीटिंगची खोली वापरू नका, सहकाऱ्याला फोन करा.

मीटिंगच्या आत स्वतःची काळजी कशी घ्यायची, त्यात आवाजापासून सुरुवात करू. म्यूट असताना तुमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जात नाही, हे खरं. पण म्यूटचं बटण म्हणजे माइकची वायर काढणं नव्हे. "तुम्ही म्यूट आहात" असं अ‍ॅप तुम्ही बोलताक्षणी सांगतं ना? ते ऐकत असल्याशिवाय कसं सांगेल? खासगी फोन आला, आई हाक मारत आली, तर माइकचं स्वतःचं बटण दाबा, ते नसेल तर माइक उपटून काढा किंवा खोलीबाहेर जा. झूमवर आणखी एक सापळा आहे: म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला की तेवढा वेळ माइक उघडतो. कीबोर्डवर वही ठेवली, कोपर टेकलं, की आवाज गेला. सेटिंग्जमधून हे बंद करता येतं, करून टाका. आणि शॉर्टकट बोटांत बसवा: विंडोजवर झूमसाठी ऑल्ट-ए माइकला आणि ऑल्ट-व्ही कॅमेऱ्याला, मीटमध्ये कंट्रोल-डी आणि कंट्रोल-ई, टीम्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एम आणि कंट्रोल-शिफ्ट-ओ. गडबडीत माउसनं बटण शोधण्यात जी पाच सेकंदं जातात, तीच रेकॉर्डिंगमध्ये राहतात.

नॉइज सप्रेशनवर भिस्त ठेवू नका. पंखा, कीबोर्ड, रस्त्यावरचा हॉर्न ते दाबतं, पण माणसाचा आवाज जपण्यासाठीच ते बनवलेलं आहे, आणि शेजारच्या खोलीतली आई हाही माणसाचाच आवाज. लॅपटॉपचा माइक तो सहज पकडतो. तोंडाजवळ माइक असलेला साधा हेडसेट घेतलात तर खोलीतलं बोलणं बरंच कमी जातं, आणि समोरच्यांचं बोलणंही घरात सगळ्यांना ऐकू जात नाही. झूमच्या लोकल रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र फाईलमध्ये साठवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर दुसरं कोणी मोठ्यानं बोलत असताना तुम्ही पुटपुटलेलंही, म्यूट नसाल तर, तुमच्या नावाच्या फाईलमध्ये सुटंसुटं ऐकू येतं.

चित्राचंही ऐका. बरीच रेकॉर्डिंग्ज बोलणाऱ्याकडे वळतात, आणि बोलणं आणि आवाज यांत यंत्राला फारसा फरक कळत नाही. तुम्ही खोकलात, कप बशीवर आपटला, की क्षणभर तुमची चौकट पूर्ण पडदा व्यापते आणि मागची भिंतही तेवढीच मोठी होते. एरवी बारीकशा चौकटीत न वाचता येणारं वेळापत्रक अशा एका क्षणात, फाईल थांबवून, वाचता येतं.

त्या वेळापत्रकाबद्दल तुम्हाला कदाचित वाटलं असेल, की स्वतःच्या चौकटीत तर ते उलटं दिसतं, कोणाला काय वाचता येणार. ती उलटी प्रतिमा फक्त तुमच्यासाठी असते. आरशाची सवय असते म्हणून अ‍ॅप तुम्हाला आरसा दाखवतं, बाकीच्यांना आणि रेकॉर्डिंगला सरळ चित्र जातं. भिंतीवरची अक्षरं तुम्हालाच तेवढी उलटी दिसतात.

पार्श्वभूमी धूसर करणं हा उपाय आहे, पण कच्चा. हलक्या धूसरपणात ठळक, मोठी अक्षरं ओळखू येतात. त्यापेक्षा चित्राची कृत्रिम पार्श्वभूमी बरी, मात्र तिलाही भोकं आहेत. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठे संपतो याचा अंदाज बांधतं आणि अंदाज चुकला तिथे खरी खोली डोकावते: केसांच्या कडेला, हात हलवला की बोटांच्या मधून, खुर्ची फिरली की पाठीमागे. चालू मीटिंगमध्ये हे डोळ्यांना जाणवत नाही, पण रेकॉर्डिंग फ्रेम फ्रेम करून बघता येतं, आणि वेगवेगळ्या फ्रेममधले असे तुकडे जोडून खोलीचा बराच भाग उभा करता येतो. चष्मा लावत असाल तर स्क्रीनचं प्रतिबिंबही लक्षात घ्या. मोठ्या अक्षरांचा मजकूर काचेवरच्या प्रतिबिंबातून वाचता येतो, हे संशोधकांनी २०२२मध्ये दाखवून दिलं आहे. स्क्रीनची चमक कमी केली, की ते फिकं पडतं.

या सगळ्यावर सगळ्यात भक्कम इलाज सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. वेळापत्रक तिथून काढा आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. पाठीमागे कोरी भिंत किंवा साधा पडदा येईल अशी खुर्ची फिरवा. जे कॅमेऱ्यासमोर नाही, ते कुठल्याही फाईलमध्ये जात नाही.

स्क्रीन शेअर करत असाल तर पूर्ण स्क्रीन कधीच नको, एकच विंडो किंवा ब्राउझरचा एकच टॅब निवडा. त्याआधी डू नॉट डिस्टर्ब लावा, नाहीतर मीटिंगच्या ऐन मध्यात दवाखान्याचा मेसेज कोपऱ्यात उगवतो आणि फाईलमध्ये कायमचा बसतो. ब्राउझरचा अ‍ॅड्रेस बार हे दुसरं भगदाड. एक अक्षर टाइप केलं की तुम्ही काय काय शोधलं होतं त्याची यादी खाली उलगडते. मीटिंगसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा. त्यात ना जुना शोध, ना बुकमार्क.

चॅटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. एकाच व्यक्तीला पाठवलेला मेसेज "प्रायव्हेट" असतो तो इतर हजर माणसांपुरता. साठवला जात नाही असा त्याचा अर्थ नाही. झूमच्या क्लाउड रेकॉर्डिंगसोबत फक्त सगळ्यांना पाठवलेले मेसेज जातात. पण एखाद्या सहकाऱ्यानं चॅट स्वतःच्या कॉम्प्युटरवर साठवली तर त्या फाईलमध्ये त्याला दिसणारे सगळे मेसेज येतात, तुम्ही त्याला एकट्याला पाठवलेलेही. मग तो चांगल्या मनानं "मीटिंगची चॅट" म्हणून ती फाईल सगळ्यांना पाठवतो. टीम्सचे मेसेज तर मीटिंग संपल्यावरही कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. मीटिंगच्या चॅटमध्ये तेवढंच लिहा जे फळ्यावर लिहायला हरकत नाही.

आता तो बॉट. सहभागी लोकांच्या यादीत त्याचं नाव बघा, बहुधा "अमुक यांचा नोटटेकर" असं काही लिहिलेलं असतं. हा बॉट झूमचा किंवा मीटचा नसतो. तिसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर कोणीतरी स्वतःच्या कॅलेंडरला जोडलेलं असतं, आणि ते त्या कॅलेंडरमधल्या प्रत्येक मीटिंगला आपणहून हजर होतं, मालक आला नाही तरीही. आवाज त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि तुमच्या कंपनीनं रेकॉर्डिंगबद्दल जे नियम केले असतील ते तिथे लागू होत नाहीत. त्यामुळे त्या सात मिनिटांत तोही हजर होता का, हे आधी बघा. असेल, तर सोमवारचं रेकॉर्डिंग पुसून तुमचं काम निम्मंच होतं. बॉटच्या मालकाला त्याच्या खात्यातून ती नोंद पुसायला वेगळं सांगावं लागेल, आणि सारांश आपोआप कोणाकोणाला गेला तेही विचारावं लागेल.

पुढच्या वेळी बॉट दिसला की होस्टला विचारा, "हा कोणाचा आहे?" कोणी हात वर केला नाही, तर होस्टनं त्याला काढून टाकावं. वेटिंग रूम, म्हणजे आत घेण्याआधी बाहेर थांबवण्याची सोय, चालू असेल तर होस्टनं घेतल्याशिवाय तो आत येत नाही, आणि काढल्यावर परस्पर पुन्हा आतही शिरत नाही. काढेपर्यंतचं त्यानं घेतलेलं मात्र त्याच्याकडेच राहतं, म्हणून हे पहिल्या मिनिटात व्हायला हवं. हो, आणि एक तुमच्या स्वतःच्या खात्यातही बघा. अशा सेवेचा सारांश वाचायला गेलं की ती आधी लॉगिन मागते, आणि घाईत कॅलेंडरची परवानगी देऊन माणूस नकळत स्वतःच्याच मीटिंगांत बॉट सोडतो. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात तुमच्या खात्याला जोडलेल्या अ‍ॅपची यादी असते. तिथे ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की परवानगी काढून घ्या.

एआयच्या सारांशातल्या चुकांकडेही लक्ष असू द्या. "मी हे करणार नाही" यातला "नाही" गळतो, एकीचं वाक्य दुसरीच्या नावावर चढतं, आणि सहा महिन्यांनी कोणी तेवढंच वाचतं. तुमच्या नावावर चुकीचं काही आलं असेल तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती कळवा.

काही सॉफ्टवेअर मीटिंगमध्ये न येताच कॉम्प्युटरचा आवाज टिपतात, कोणी समोर फोन धरूनही चित्रीकरण करू शकतं. ते यादीत दिसत नाही आणि थांबवताही येत नाही. म्हणून खरोखर नाजूक बोलणं, म्हणजे आजारपण, पैसे, कोणाची तक्रार, हे साठ जणांच्या मीटिंगमध्ये असूच नये. तुमच्या वरिष्ठांशी आईसाठी रजेचं बोलायचं असेल तर दोघांचीच वेगळी भेट ठेवा. झूमवर शक्य असेल तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं फक्त सहभागींनाच उलगडेल असं कुलूप, चालू करा. त्यात क्लाउड रेकॉर्डिंग होतच नाही. आणि भेटीला नाव देताना "आईच्या आजारपणासाठी रजा" असं देऊ नका. तेच नाव कॅलेंडरमध्ये दिसतं आणि रेकॉर्ड झालंच तर फाईलवरही छापून येतं.

नावांवरून आठवलं, लिंक आणि फाईल कुठे पडून आहे हा प्रश्न वरवर घेऊ नये. एप्रिल २०२०मध्ये झूमवरच्या हजारो मीटिंगांची रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली, त्यात समुपदेशनाची सत्रं होती, शाळेचे वर्गही होते. कोणी हॅक केलं नव्हतं. लोकांनी आपली फाईल कुलूप नसलेल्या ऑनलाइन जागेत ठेवली होती, आणि झूम सगळ्या फायलींना एकाच ठरावीक पद्धतीनं नाव देत असल्यानं नुसत्या शोधानं त्या हाती लागल्या.

आता तुमच्या मनातली खरी भीती: "लपवण्यासारखं काय आहे?" याला उत्तर देताना स्वतःची बाजू मांडूच नका. आईची मांडा. त्या मीटिंगला त्या आल्या नव्हत्या, त्यांना चौकट दिसली नाही, "ठीक आहे" त्यांनी दाबलं नाही, तरी त्यांचा आजार साठ जणांच्या हाती गेला. कॅमेऱ्यामागे राहणाऱ्या घरातल्या माणसांची संमती कोणी घेतलेली नसते. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रेकॉर्डिंगच्या चर्चेत त्याचा उल्लेख फार क्वचित होतो.

सरळ नकार देण्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या अटी मागा. बहुतेक होस्टना रेकॉर्डिंग हवं असतं ते गैरहजर माणसांसाठी. तुमचा चेहरा त्यांना नको असतो. तेव्हा चार गोष्टी विचारा: हे कशासाठी, कोण बघणार, कुठे राहणार, कधी पुसणार. चौथीचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, आणि नेमकी तीच पकडून ठेवा. टीम्समध्ये नवं रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप कालबाह्य होतं, अ‍ॅडमिननं ते बदललं नसेल तर. आठवड्याच्या मीटिंगला माझ्या मते चौदा दिवस पुष्कळ झाले. पुढची मीटिंग होऊन गेली की मागची कोणी उघडत नाही.

होस्टला करता येण्यासारख्या तीन गोष्टी अगदी सोप्या आहेत, त्या सुचवा. सादरीकरण करणाऱ्याला झूममध्ये स्पॉटलाइट केलं, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर त्यालाच मुख्य ठेवलं, की क्लाउड रेकॉर्डिंगच्या बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणाऱ्या व्हिडिओत बाकीच्यांचे चेहरे येत नाहीत, कोणी खोकलं तरी; सगळ्यांच्या चौकटींचा व्हिडिओ मात्र बंद ठेवायला हवा. प्रश्नोत्तरांच्या आधी रेकॉर्डिंग थांबवलं, की लोक मोकळेपणानं विचारतात. आणि सहभागींना डाउनलोडची मुभा न देता फक्त नावानिशी मोजक्या लोकांना बघण्याची परवानगी दिली, की "लिंक असलेला कोणीही" हा प्रकार संपतो. टीम्समध्ये अ‍ॅडमिनला एक वेगळी सोयही चालू करता येते: प्रत्येकानं रेकॉर्डिंगला स्पष्ट होकार दिल्याशिवाय त्याचा माइक आणि कॅमेरा उघडतच नाही. तुमच्यासारख्या मोठ्या गटाला ती योग्य आहे.

कायद्याचं थोडक्यात: काही देशांत रेकॉर्डिंगला एका सहभागीची संमती पुरते, काही ठिकाणी सगळ्यांची लागते. पण चेहरा, आवाज आणि आरोग्याची माहिती या व्यक्तिगत माहितीत मोडतात, हे तत्त्व आता बऱ्याच कायद्यांत आलेलं आहे. तोंडी विनंती ऐकली गेली नाही तर तुमचा तो पहिला निरोप, तारखेसकट, कंपनीतल्या व्यक्तिगत माहितीची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे पाठवा. म्हणूनच तो लेखी हवा.

येत्या सोमवारआधी एक चाचणी करा. एकटीनंच मीटिंग उघडा, नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या उजेडात, आणि दोन मिनिटं लोकल रेकॉर्ड करा. बोला, हात हलवा, पाणी प्या, खुर्ची फिरवा, उठून पुन्हा बसा, आणि आईला शेजारच्या खोलीतून एकदा हाक मारायला सांगा. मग ती फाईल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा; तिथे ई ही की दाबत गेलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. तुम्ही उठता तेव्हाच्या आणि खुर्ची फिरते तेव्हाच्या फ्रेम नीट बघा, भिंतीवर काय वाचता येतंय, आईची हाक किती स्पष्ट आली आहे. जे सापडेल ते हलवा, आणि पुन्हा एकदा दोन मिनिटं रेकॉर्ड करून बघा. झालं की दोन्ही फाइली पुसा, आणि रीसायकल बिनही रिकामा करा.